तीस लाइफची कॅसेट : 'कॉन्ट्रा'ची कुळकथा

'कॉन्ट्रा' हा खेळ मुळात घरासाठी बनलेलाच नव्हता. जपानच्या कोनामी कंपनीने तो फेब्रुवारी १९८७ मध्ये नाणे टाकून खेळायच्या यंत्रासाठी काढला. खेळणारा लवकर मेला तर पुढचे नाणे लवकर पडते, हा त्या यंत्राचा धंदा. म्हणून एक गोळी लागली की मरण, आणि लाइफ मोजक्याच. वर्षभराने, १९८८ मध्ये, तोच खेळ निन्टेंडोच्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रावर आला. नाण्याची फट राहिली नाही, कडकपणा मात्र तसाच राहिला. त्याला दुसरेही कारण होते. अमेरिकेत विकलेली पूर्ण कॅसेट १२८ किलोबाइटची होती. तेवढ्यात मावणारे आठ टप्पे सराईत हात अर्ध्या तासात पार करतो. खेळ महिनोन्‌महिने पुरायचा तर तो अवघडच हवा.

त्याची कठोरता सर्वांत जास्त जाणवते ती तिसऱ्या टप्प्यात. इथे धबधब्याच्या कडेने खडकांवर उड्या मारत वर चढायचे असते. पडदा वर सरकतो, खाली कधीच येत नाही. जो खडक पडद्याबाहेर गेला तो संपला, त्यावर पाय टेकायला गेलेला मेला. दोघे जण खेळत असतील तर पुढे गेलेला पडदा ओढून घेतो आणि मागचा कोणाची गोळी न लागताच मरतो. शेजारी बसून खेळणाऱ्या भावाभावांची भांडणे इथे हमखास जुंपत.

या कठोरतेवरचा प्रसिद्ध उतारा कॉन्ट्राहून जुना आहे. १९८६ मध्ये कोनामीचे काझुहिसा हाशिमोतो 'ग्रेडियस' हा खेळ घरगुती यंत्रावर उतरवत होते. तपासण्यासाठी तो शेवटपर्यंत खेळणे त्यांना स्वतःलाच जमेना, म्हणून त्यांनी बटणांचा एक क्रम आत घालून ठेवला. खेळ बाजारात गेला तेव्हा तो क्रम आतच राहिला होता. वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए. कॉन्ट्राच्या सुरुवातीच्या पडद्यावर हेच दाबून स्टार्ट केले की तीनच्या तीस लाइफ होतात. हाशिमोतो २०२० मध्ये वारले.

फॅमिकॉम भारतात आला तो बहुतेक नकलांच्या रूपाने. तैवानच्या यूएमसी कंपनीने मूळ चिपांशी जुळणाऱ्या चिपा बनवल्या आणि त्यांवर स्वस्त यंत्रांची पिढी उभी राहिली. पुढे सगळे काम एकाच चिपवर आले. असे यंत्र उघडले तर हिरव्या पट्टीवर काळ्या लाखेसारखा एक गोळा तेवढा दिसतो. मीडिया, लिटल मास्टर ही इथली ठळक नावे. कॅसेटीही नकलीच. '९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेटीत मोजकेच खेळ फिरून फिरून येत. काहींच्या यादीत तीस लाइफचा कॉन्ट्रा वेगळाच दिलेला असे. तिथे बटणांचा क्रम पाठ करायची गरज नव्हती. कॅसेट चालेनाशी झाली की फुंकर मारायची रीत सगळीकडे होती. खरे तर कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने तिचे संपर्क नीट जुळत. फुंकरीच्या दमटपणाने ते उलट खराब होतात.

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसर भागात खेळाच्या कठोरतेत विजेची भर पडली. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळे झाले आणि कोरब्याची औष्णिक केंद्रे तिकडे गेली. आधीच तूट असलेल्या मध्य प्रदेशात वीजकपात वाढली, इतकी की २००३ च्या विधानसभा निवडणुकीत वीज हा प्रमुख मुद्दा ठरला. कॉन्ट्राच्या कॅसेटीत खेळ जपून ठेवायची सोयच नव्हती. सातव्या टप्प्यावर लाइन गेली की पुन्हा पहिल्या जंगलापासून सुरुवात, आणि तीस लाइफही पुन्हा मागून घ्यायच्या.

२०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तोवर ती यंत्रे मागे पडून कॉन्ट्रा मोबाइलवर आला होता. मोबाइलवर खेळ हव्या त्या क्षणी जपता येतो आणि चुकले की तिथूनच पुढे नेता येतो. कोनामीच्या २०१९ च्या जुन्या खेळांच्या संचातही ही सोय आहे. अशा रीतीने शेवट गाठता येतो, पण धबधब्याचा टप्पा मग तो टप्पा राहत नाही. पडदा निसटून जाईल ही धास्तीच त्याचा प्राण होती. काचेवरच्या सपाट बटणांवर बोटे घसरतात, तिथे अवघडपणा आहे. पण तो खेळ रचणाऱ्यांनी घातलेला नाही. मार्च २०२४ मध्ये आलेल्या 'कॉन्ट्रा : ऑपरेशन गालुगा'मध्ये मरणाची रीत खेळणाऱ्याला निवडता येते : जुन्यासारखी एका फटक्यात, किंवा थोडी थोडी ताकद कमी होत.