चाळीस शेरडांचा नियम

आपल्याकडचा धनगर मेंढरे घेऊन देशावरून कोकणाकडे निघतो, तेव्हा तो त्यांची वाहतूक करीत नसतो. त्यांच्याबरोबर चालत असतो. वाटेतला शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतो आणि लेंडीखताच्या मोबदल्यात त्याला धान्य देतो. तमिळ मुलखातही हीच रीत असून तिथे तिला ‘किडै’ म्हणतात. शेळी ‘वेळ्ळाडु’, मेंढी ‘सेम्मरियाडु’. ‘आडु’ हा शब्द मात्र दोघींना समान. जनावर आपल्या पायांनी चालत होते, तोवर एका वेळी किती न्यावीत हा प्रश्न कायद्याला पडला नव्हता. तो चाकांमुळे पडला.

मद्रासला आगगाडी आली १८५६ मध्ये. त्या वर्षी १ जुलै रोजी रायपुरमहून अर्काटच्या दिशेने पहिली गाडी सुटली, आणि १८७१ मध्ये मुंबईचा व मद्रासचा लोहमार्ग रायचूरला एकमेकांस भेटले. रस्त्यावरच्या मोटारमालगाड्या पुढे विसाव्या शतकात आल्या. अमेरिकेने १८७३ मध्येच असा कायदा केला होता की, अठ्ठावीस तासांहून अधिक काळ जनावरांना दाणापाणी व विश्रांतीवाचून आगगाडीत कोंडून ठेवू नये. (हाच कायदा मोटारमालगाड्यांनाही लागू आहे, हे तेथील सरकारने २००६ मध्ये मान्य केले!) आपल्याकडे १८९०च्या कायद्याने जनावराला विनाकारण क्लेश होतील अशा रीतीने बांधणे वा वाहून नेणे हा गुन्हा ठरविला; पण किती म्हणजे फार, हे त्यात कोठेच नव्हते.

या प्रश्नाचे उत्तर ज्या मार्गाने आले, तो अड्यारहून जातो. कलाक्षेत्राच्या संस्थापक म्हणून आपण ओळखतो त्या रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ मध्ये राज्यसभेवर नामनियुक्त झाल्या. प्राण्यांवरील निर्दयतेस आळा घालण्यासाठी त्यांनी पुढल्याच वर्षी खासगी विधेयक आणले. पंडित नेहरूंनी सरकारतर्फे यात लक्ष घालण्याचे आश्वासन दिले, तेव्हा त्यांनी ते मागे घेतले. मागे घेतलेल्या विधेयकांचे पुढे काय होते, हे आपणा सरकारी नोकरांस सांगावयास नको. हे विधेयक मात्र समितीच्या वाटेने जाऊनही जिवंत राहिले आणि १९६० मध्ये कायदा झाला. १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले. अध्यक्षपद रुक्मिणीदेवींकडे, कचेरी मद्रासला. वाहतुकीत जनावरांना होणारे क्लेश टाळण्यासाठी नियम करण्याबाबत केंद्र सरकारला सल्ला देणे, हे या मंडळाचे एक कामच कायद्याने ठरवून दिले.

१९७८ च्या वाहतूक नियमांत शेळ्यामेंढ्यांना स्वतंत्र प्रकरण मिळाले. सहा तासांहून लांबच्या प्रवासासाठी पशुवैद्याचा दाखला हवा. शेळ्या व मेंढ्या वेगळ्या ठेवाव्यात, नर माद्यांत मिसळू नयेत, पाय बांधू नयेत, तळाशी पाच सेंटिमीटर जाडीचे गवत वा पेंढा अंथरावा. रुंद मापाच्या रेल्वे वाघिणीत आकाराप्रमाणे सत्तर किंवा शंभर, मीटरमापाच्या वाघिणीत पन्नास किंवा साठ. आणि साडेचार-पाच टनी मालमोटारीत जास्तीत जास्त चाळीस.

हा चाळीसचा आकडा जरा थांबून पाहण्याजोगा आहे. पंचवीस ते तीस किलोंच्या, लोकर असलेल्या जनावरास नियमांनी ०.२३ चौरस मीटर जागा दिली आहे; चाळीस जनावरांची झाली ९.२ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ गाडीचा सारा तळ. पण या चाळीस जनावरांचे एकूण वजन भरते जेमतेम एक-सव्वा टन. भाडे द्यावयाचे पूर्ण गाडीचे, इंजिन खेचू शकते साडेचार टन, आणि आत माल सव्वा टनाचा! कायदा जमीन मोजतो, व्यापारी वजन मोजतो. गाडीत फळ्यांचा मजला चढविण्याचा मोह येतो तो याच हिशेबातून. त्यास केवळ दुष्टपणा म्हणून मोकळे होणे मला पटत नाही.

दंडाचे कलम पाहिले की या मोहाला आवर कोण घालणार, असे वाटू लागते. १९६० मध्ये पहिल्या गुन्ह्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड ठरला. त्या काळी ती रक्कम काही थोडी नव्हती. पण पुढे कित्येक दशके ती बदललीच नाही. एक जादा बोकड चढविला तरी त्यातून मिळणाऱ्या पैशात हा दंड आता कितीतरी वेळा भरता येईल. ‘मरावयासच तर चालली आहेत’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. कायद्याने खाण्यासाठी मारण्यावर बंदी घातलेली नाही, हे खरेच. त्याचा आक्षेप आहे तो वाटेतल्या क्लेशांना. शिवाय लांबच्या प्रवासात उपाशी, तहानलेले जनावर वजनाने घटते, गुदमरून मेले तर सगळेच गेले. हा तोटा व्यापाऱ्याचाच असतो.

२०१५ मध्ये केंद्रीय मोटारवाहन नियम दुरुस्त झाले. शेळीमेंढीस ०.३ चौरस मीटर जागा आणि गाडीत कायम स्वरूपाच्या आडभिंती, असे त्यांत ठरले. म्हणजे त्याच तळावर चाळिसांऐवजी तीसच. एका पुस्तकात चाळीस, दुसऱ्यात तीस! पेरांबूर किंवा सैदापेटच्या कत्तलखान्याकडे निघालेल्या गाडीला वाटेत अडविणाऱ्या शिपायाने यांतले कोणते उघडावे?

आणखी एक गंमत. जागेच्या कोष्टकात मेंढरांचे दोन रकाने आहेत, लोकर असलेली आणि लोकर कातरलेली. चेंगलपट्टू, कांचीपुरम्, तिरुवळ्ळूर या भागांतली तांबूस ‘मद्रास रेड’ मेंढी लोकर धारणच करीत नाही; तिच्या अंगावर असतात ते शेळीसारखे आखूड केस. सल्ला देणारे मंडळ ज्या शहरात बसत होते, त्याच्याच वेशीवरच्या मेंढीला या कोष्टकात रकाना नाही. ते मंडळ २०१८ मध्ये चेन्नई सोडून हरियाणातील बल्लभगडला गेले.