कल्याण ते नाणेघाट : एका प्राचीन व्यापारी मार्गाचा एकदिवसीय अभ्यासप्रवास

प्रस्तावना

ठाणे जिल्ह्याच्या प्राचीन इतिहासाचे अध्यापन करताना कल्याण बंदर आणि नाणेघाट या दोन नावांचा उल्लेख नेहमी जोडीने केला जातो. पाठ्यपुस्तकातील नकाशात या दोन स्थळांना जोडणारी एक तुटक रेषा असते आणि तिच्याखाली 'सातवाहनकालीन व्यापारी मार्ग' असे लिहिलेले असते. महाविद्यालयांच्या अभ्याससहलींतही हेच घडते. कल्याणला दुर्गाडी किल्ला पाहिला जातो, घाटमाथ्यावर जाऊन लेणे पाहिले जाते आणि मधल्या सुमारे साठ किलोमीटरमध्ये विद्यार्थी गाडीत गाणी म्हणतात. प्रस्तुत निबंधाचा विषय हे मधले अंतर हा आहे. कल्याणहून सकाळी निघून शहाड, रायते, मुरबाड, सरळगाव, टोकावडे आणि वैशाखरे या गावांवरून नाणेघाटाच्या पायथ्याशी पोहोचणे आज एका दिवसात सहज शक्य आहे. हा प्रवास म्हणजे केवळ निसर्गरम्य फेरफटका नसून हा रस्ता स्वतःच एक ऐतिहासिक साधन आहे, आणि ते लिखित साधनांच्या शेजारी ठेवून वाचल्यास काही रूढ समजुती तपासून पाहाव्या लागतात, असे येथे मांडावयाचे आहे.

बंदराचे टोक

प्रवासाचा प्रारंभ कल्याणच्या खाडीकाठी करणे युक्त ठरेल. उल्हास नदीची खाडी येथपर्यंत गलबतांना आत घेत असे आणि येथूनच देशावरची वाट सुरू होत असे. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या रहिवाशांचे उल्लेख आढळतात. म्हणजे इसवी सनाच्या प्रारंभीच्या शतकांत धर्मादाय दान देण्याइतकी सुबत्ता या नगरीत होती.

इ. स. च्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथातील कल्याणविषयक मजकूर सर्वपरिचित आहे. तथापि तो बहुधा अर्धाच सांगितला जातो. ग्रंथकर्त्याच्या म्हणण्यानुसार ज्येष्ठ सारगनस राजाच्या काळी कल्याण हे अधिकृत व्यापारपेठ होते. पुढे ते संदनेस याच्या ताब्यात गेल्यावर तेथील व्यापारात अडथळे आले आणि चुकून तेथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. त्याच ग्रंथात पैठण आणि तेर येथील माल गाड्यांतून, मोठ्या व बिकट प्रदेशातून, भडोचलाच जात असल्याचे सांगितले आहे. या दोन विधानांचा एकत्रित अर्थ महत्त्वाचा आहे. पैठणहून कल्याणला येणारी नाणेघाटाची वाट तुलनेने जवळची असूनही माल दूरच्या बंदराकडे वळविला गेला. वाट भौगोलिकदृष्ट्या सोयीची असणे पुरेसे नव्हते. ती कोणाच्या आज्ञेने उघडी आहे, हा प्रश्न निर्णायक होता. नाणेघाटाचा व्यापार अखंड आणि सतत भरभराटीचा होता, असे जे चित्र सहलींत रंगविले जाते, त्याला या मजकुराने पहिला तडा जातो.

कल्याण मात्र नाहीसे झाले नाही. सहाव्या शतकातील कॉस्मस या ग्रीक लेखकाने कल्याणचा मोठे व्यापारकेंद्र म्हणून उल्लेख केला असून तेथे इराणहून नेमलेला ख्रिस्ती बिशप असल्याची नोंद केली आहे. पितळ, शिसवी लाकूड आणि कापड हा तेथील माल होता. याउलट शिलाहार राजा अनंतदेव याच्या शके १०१६ च्या खारेपाटण ताम्रपटात जहाजांवरील जकात माफ केलेल्या बंदरांची नावे देताना स्थानक (ठाणे), नागपूर, शूर्पारक (सोपारा) आणि चेमुल्य (चौल) यांचा उल्लेख येतो; कल्याणचे नाव त्यांत घेतलेले नाही. यावरून कल्याण ओसाड पडले होते असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, कारण ताम्रपटातील यादी 'इत्यादी' म्हणून सोडलेली आहे. एवढे खरे की राजधानीच्या ठाण्याने या काळात खाडीवरील अग्रमान घेतलेला दिसतो.

दुर्गाडीच्या टेकडीवरून दिसणारी खाडी आज अरुंद आणि गाळाने भरलेली आहे. ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आल्यावर याच खाडीत मराठ्यांची पहिली लढाऊ जहाजे बांधण्यास आरंभ झाला आणि त्या कामी पोर्तुगीज कारागीर होते, ही बाब आता सर्वमान्य आहे. विद्यार्थ्यांना ही खाडी दाखविताना भरतीची वेळ साधावी. ओहोटीच्या वेळी येथे आरमार होते यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही.

अंबरनाथचा फाटा

मुरबाडकडे वळण्यापूर्वी दक्षिणेस थोडी वाट वाकडी करून अंबरनाथचे शिवमंदिर पाहणे आवश्यक आहे. उल्हासनगर ओलांडूनच तेथे जावे लागते. दुसऱ्या महायुद्धकाळातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. खाडीला मिळणाऱ्या नदीचे नाव वसाहतीने घेतले, हेही या मार्गाच्या इतिहासात बसते.

वालधुनी नदीकाठच्या या मंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. शकाच्या पहिल्या आकड्याच्या वाचनाबद्दल आरंभी मतभेद होते; आता ९८२ हेच वाचन ग्राह्य मानले जाते. छित्तराजाच्या काळी सुरू झालेले काम मुम्मुणीच्या काळी पूर्ण झाले, असे मानले जाते. भूमिज शैलीचे शिखर, मंडपाच्या पातळीखाली पायऱ्या उतरून जावे लागणारे गर्भगृह आणि बाह्य भिंतींवरील मूर्तींची दाटी यांविषयी कलासमीक्षकांनी विपुल लिहिले आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला पडणारा प्रश्न निराळा आहे : राजधानी ठाण्यास असताना इतके खर्चिक मंदिर खाडीच्या आतल्या अंगाला, घाटाच्या दिशेने का उभे राहिले? घाटवाटांवरून मिळणाऱ्या उत्पन्नाशी त्याचा संबंध असावा, असे अनुमान संभवते. मात्र लेखात तसे शब्द नाहीत. विद्यार्थ्यांपुढे हा प्रश्न उत्तराविना ठेवला तरी हरकत नाही.

फ्रायरची वाट

शहाडहून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ मुरबाडच्या दिशेने निघतो. म्हारळ, वरप, कांबा ही गावे आता शहराचीच उपांगे झाली आहेत. रायत्याला उल्हास नदी ओलांडली की प्रथमच भाताची खाचरे मोकळी दिसू लागतात आणि पूर्वेकडे सह्याद्रीची भिंत उभी राहते. जीवधनचा कडा आणि नाणेघाटाचा 'नानाचा अंगठा' हा सुळकेवजा माथा स्वच्छ हवेत बऱ्याच दुरून ओळखता येतो. वाटाड्याच्या दृष्टीने ही मोठी सोय होती; खिंड कोठे आहे हे दरीतून चालणाऱ्यास विचारावे लागत नसे.

तरीही वाट चुकल्याचे एक नोंदलेले उदाहरण आहे आणि ते या मार्गाच्या अभ्यासात विशेष मोलाचे आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर हा १६७५ च्या उन्हाळ्यात जुन्नरच्या मुघल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून मुंबईहून निघाला. ठाणे, कल्याण, टिटवाळा, मुरबाड आणि देहरी अशी त्याची मजल होती. जाताना त्याला अवघड अशा आहुपे घाटाने चढविण्यात आले. परतताना तो नाणेघाटाने उतरला आणि ही वाट किती सुगम आहे याचा त्याला प्रत्यय आला. त्याचा ग्रंथ पुढे १६९८ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

फ्रायरच्या वृत्तांताचे महत्त्व अनेक अंगांनी आहे. कोकण शिवाजी महाराजांच्या अमलाखाली आणि जुन्नर मुघलांकडे, म्हणजे घाटाची कड ही त्या वर्षी दोन सत्तांची सीमा होती. त्याने पाहिलेले कल्याण भग्नावशेषांचे होते आणि खेडी लष्करांच्या येण्याजाण्याने कंगाल झालेली होती. पेरिप्लसने सांगितलेला 'अडथळा' सोळाशे वर्षांनी वेगळ्या रूपात पुन्हा भेटतो. शिवाय फ्रायर मुरबाडहून थेट वैशाखऱ्याकडे न जाता देहरीकडे गेला, यावरून मुरबाड हे केवळ वाटेवरचे गाव नव्हते, तर अनेक घाटवाटांचे तिठे होते, हे ध्यानात येते. आहुपे, नाणेघाट, माळशेज यांपैकी कोणत्या वाटेने जावयाचे याचा निर्णय मुरबाडला होत असे. नकाशातील एकेरी तुटक रेषा म्हणूनच दिशाभूल करणारी आहे. तेथे पंख्यासारख्या पसरलेल्या अनेक रेषा हव्यात.

फ्रायर परकीय होता, युद्धकाळात प्रवास करीत होता आणि त्याची भाषा तिखट आहे. त्याच्या शेऱ्यांना शब्दशः प्रमाण मानू नये. परंतु मुक्कामांचा क्रम आणि वाटांची नावे यांबाबत तो विश्वसनीय वाटतो.

रुळांची दिशा

१ मे १८५४ रोजी लोहमार्ग ठाण्याहून कल्याणपर्यंत आला. त्यानंतर तो दुभंगला : एक फाटा कसाऱ्यावरून थळ घाटाकडे, दुसरा बोरघाटाकडे. बोरघाट १८६३ मध्ये आणि थळ घाट १८६५ मध्ये रेल्वेने पार केला. कल्याणला जंक्शनचे महत्त्व मिळाले ते याच वेळी. मुरबाडची दिशा दोन्ही फाट्यांच्या मधोमध सुटली. बैलांच्या पाठीवरून मीठ, तांदूळ आणि धान्य नेणाऱ्या तांड्यांना रेल्वेशी स्पर्धा करणे अशक्य होते. नाणेघाट कोणी बंद केला नाही. त्याच्यावरचा भार काढून घेतला गेला.

या उपेक्षेचा एक परिणाम असा की मुरबाड तालुक्यात जुन्या बाजाराची वळणे अधिक काळ टिकली. मुरबाडच्या दक्षिणेस म्हसा येथे पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा भरते आणि ती आजही गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. घाटावरचे आणि घाटाखालचे लोक तेथे एकत्र येतात. बैल, घोंगड्या आणि शेतीची अवजारे यांच्या देवघेवीत जुन्या मार्गाचे काही अंश पाहावयाचे असतील तर ते कोणत्याही संरक्षित स्मारकापेक्षा या यात्रेत अधिक जिवंत स्वरूपात दिसतील. त्याच तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. आझाद दस्त्याने आसऱ्यासाठी निवडलेले हे रान घाटवाटांच्या जाळ्यातलेच होते, हा योगायोग म्हणता येत नाही.

मार्गाचा विस्तार होत असताना या खेड्यांची नोंद मागे पडत आहे. संरक्षण कायद्याची कक्षा स्मारकापुरती असते. अंबरनाथचे मंदिर किंवा नाणेघाटाचे लेणे तिच्यात येते, पण रस्त्याकडेचा पार, जुनी विहीर, वेशीवरचा वीरगळ तिच्यात सहसा येत नाही. रुंदीकरणात प्रथम जातात त्या याच गोष्टी. मोजपट्टी, वही आणि कॅमेरा घेतलेल्या वीस विद्यार्थ्यांचा गट एका दिवसात चार गावांतील अशा अवशेषांची जागेवर नोंद करू शकतो, आणि ती नोंद महाविद्यालयाच्या ग्रंथालयात राहू शकते. त्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.

पायथा आणि लेणे

टोकावड्यानंतर वैशाखरे लागते. 'वैश्यगृह' या शब्दापासून हे नाव आले आणि येथे व्यापाऱ्यांची वसतिस्थाने होती, असे सर्रास सांगितले जाते. व्युत्पत्ती आकर्षक आहे. मात्र तिला कोरीव लेखाचा आधार दिला जात नाही. ती लोकव्युत्पत्ती म्हणूनच शिकवावी. परिसरातील पळू-सोनावळे येथील गणपती गडद ही लेणी अधिक ठोस साक्ष देतात, कारण पायथ्याशी वस्ती आणि आश्रय असल्याखेरीज लेणी खोदली जात नाहीत.

येथून पुढे महामार्ग डावीकडे माळशेज घाटाला जातो आणि नाणेघाटाची वाट झाडीत शिरते. गाडी येथे सोडावी लागते. चढताना दगडी पायऱ्यांचे तुकडे आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी, म्हणजे जुन्या भाषेतील पोढी, भेटत जातात. उन्हाळ्यात ओझे घेऊन चढणाऱ्या बैलाला आणि माणसाला पाणी कोठे लागेल, याचा हिशेब करून ती खोदलेली आहेत.

खिंडीच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. सामान्यतः तो इ. स. पूर्व पहिल्या शतकातला मानला जातो. धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन करून अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची आणि दक्षिणेची यादी त्यात दिली आहे. गायी, घोडे, हत्ती, कार्षापण यांच्या संख्या अंकांत कोरल्या असून त्या २४,४०० पर्यंत जातात. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत, शून्य नाही. मागच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, कुमार भायल, महारठी त्रनकयिर आदींचे पुतळे होते. आता नावे आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. कर्नल साइक्स यांनी १८२८ मध्ये हे लेणे अभ्यासकांच्या नजरेस आणले आणि पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी लेखाच्या वाचनाचा पाया घातला.

घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीचा होता, हे विधान प्रत्येक फलकावर आणि प्रत्येक सहलीत ठामपणे केले जाते. रांजणावर लेख नाही. तो पाण्यासाठी असण्याची शक्यताही नाकारता येत नाही. जकात घेतली जात असणार यात शंका नाही, कारण अशा अरुंद खिंडीत नाकेदाराला चुकविणे कोणालाही शक्य नव्हते. पण त्या वसुलीचा पुरावा म्हणून या एका भांड्याकडे बोट दाखविणे हे सोयीचे अध्यापन आहे, सिद्ध झालेला इतिहास नव्हे.

अधिक लक्षणीय आहे ती लेण्याची जागा. जुन्नरकडून डांबरी रस्ता आता थेट माथ्यापर्यंत येतो. त्या बाजूने येणाऱ्यास रांजण प्रथम दिसतो. खिंड उतरून गेल्यावर लेणे लागते. कल्याणहून चढणाऱ्याचा अनुभव याच्या उलट आहे. दमून आलेल्या माणसापुढे, खिंडीत शिरण्याच्या अगदी आधी, राजघराण्याचे पुतळे आणि त्यांनी वाटलेल्या धनाचे आकडे उभे असत. समुद्राकडून माल घेऊन येणाऱ्यालाच ते आधी दिसावेत, अशीच ही रचना आहे.