ट्रकच्या केबिनमधला कॅमेरा: ड्रायव्हरला डुलकी लागतेय हे त्याला कळतं कसं?

भोर किंवा वेल्ह्याहून पुण्याला जाताना तुम्ही कापूरहोळ नाहीतर नसरापूरच्या चेलाडी फाट्यावर हायवेला लागता. तिथून पुढे तुमच्या बाईकच्या मागेपुढे सतत ट्रक, टँकर आणि कंटेनर असतात. कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत लांब उतार लागतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका अवजड वाहनाचा ताबा सुटला आणि सुमारे ४८ वाहनांचं नुकसान झालं. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथेच कंटेनरची धडक बसून आग लागली आणि अनेकांचे जीव गेले.

अशा अपघातांनंतर 'ट्रकमध्ये कॅमेरे बसवा' ही मागणी होते. पण हा कॅमेरा नेमकं काय करतो आणि काय करू शकत नाही? चला, समजून घेऊया.

दोन कॅमेरे, दोन कामं

अशा सिस्टीममध्ये साधारणपणे दोन कॅमेरे असतात. एक काचेतून पुढचा रस्ता बघतो, त्याला आपण डॅशकॅम म्हणतो. दुसरा ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे वळलेला असतो. त्याला ड्रायव्हर मॉनिटरिंग सिस्टीम म्हणजेच डीएमएस म्हणतात.

डीएमएसच्या कॅमेऱ्याभोवती इन्फ्रारेड एलईडी असतात. हा प्रकाश आपल्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे रात्री केबिनमध्ये अंधार असला तरी कॅमेऱ्याला चेहरा दिसतो आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांवर उजेड येत नाही.

झोप कशी ओळखली जाते?

तुमचा फोन फेस अनलॉकसाठी चेहरा शोधतो, तसंच काहीसं इथेही होतं. सॉफ्टवेअर डोळे, पापण्या, नाक आणि तोंड यांचे बिंदू पकडतं आणि पुढच्या गोष्टी मोजत राहतं:

- पापण्या: ठरावीक वेळेपैकी किती टक्के वेळ डोळे जवळजवळ मिटलेले होते? या मापाला 'परक्लोज' म्हणतात. साधी उघडझाप क्षणात संपते, झोप येऊ लागली की पापणी जास्त वेळ खाली राहते.
- डोकं: मान खाली झुकतेय का, नजर बराच वेळ रस्त्यावरून हटलीय का?
- हात आणि तोंड: कानाला फोन आहे का, वारंवार जांभया येताहेत का?

गडबड वाटली की लगेच बीप वाजतो किंवा सीट थरथरते. हे सगळं गणित गाडीतल्याच चिपवर होतं, कारण इथे वेळ फार महत्त्वाचा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने ट्रक एका सेकंदात जवळपास १७ मीटर जातो. म्हणजे तीन सेकंदांची डुलकी लागली तर ५० मीटर गाडी कुणीच चालवत नव्हतं!

घाटात रेंज नसेल तर?

वेल्ह्याकडच्या डोंगरात किंवा भोरहून महाडला जाणाऱ्या वरंधा घाटात फोनची रेंज कशी येते-जाते, हे तुम्हाला माहीतच असेल. बीपला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे ड्रायव्हरला इशारा तिथेही मिळतो. व्हिडिओ मेमरी कार्डवर सेव्ह होतो आणि कार्ड भरलं की जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवं होतं. जोरात ब्रेक लागला किंवा धडक बसली की तेवढी क्लिप वेगळी ठेवली जाते आणि रेंज आली की मालकाच्या सर्व्हरवर जाते.

घाटात एक अडचणही येते. तीव्र वळणावर ड्रायव्हरला मान वळवून बघावंच लागतं आणि सिस्टीम नीट सेट केलेली नसेल तर 'लक्ष नाही' म्हणून उगाच बीप वाजतो. फुकटचे बीप फार झाले की माणूस कंटाळतो आणि कॅमेऱ्यावर रुमाल टाकतो.

कॅमेऱ्याला काय दिसत नाही?

२०२२ च्या अपघातात उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये चालवली होती, असं प्राथमिक तपासात पुढे आलं. डिझेल वाचवण्यासाठी काही जण असं करतात. पण गिअर काढला की इंजिनची रोधशक्ती जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की त्यांची पकड कमी होते. त्यात इंजिन बंद असेल तर एअर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो.

आता गंमत बघा: अशा वेळी ड्रायव्हर टक्क जागा असू शकतो, म्हणजे चेहऱ्यावरच्या कॅमेऱ्याच्या लेखी सगळं ठीक! ही चूक पकडायची तर इंजिनचे फेरे आणि जीपीएसचा वेग एकत्र बघावा लागतो. म्हणून नुसता कॅमेरा पुरत नाही, तो गाडीच्या इतर डेटाशी जोडलेला हवा.

नियम काय सांगतात?

झोपेचा इशारा देणाऱ्या यंत्रणेसाठी भारतात एआयएस-१८४ हे मानक आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोठ्या बस आणि ट्रकमध्ये ही यंत्रणा सक्तीची करण्याचा मसुदा काढला. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांत ती बंधनकारक आहे. आपल्याकडे नागपुरात २०२१ मध्ये 'आयरास्ते' प्रकल्पातून शहर बसमध्ये धोक्याचा इशारा देणारे कॅमेरे बसवायला सुरुवात झाली.

तुमच्या घरात कुणी ड्रायव्हर असेल तर

कॅमेरा झोप ओळखतो, पण झोप देत नाही. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ मध्येच झाला होता. त्यात दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती असं ठरलेलं होतं. रात्रभर गाडी चालवायला लावायची आणि सकाळी जांभईची क्लिप दाखवून पगार कापायचा, याला सुरक्षा म्हणत नाहीत.

म्हणून दादा किंवा काकांच्या गाडीत कॅमेरा बसणार असेल तर मालकाला चार प्रश्न विचारायला सांगा:

१. रेकॉर्डिंग कायम चालू असतं की फक्त इशारा आल्यावर होतं?
२. आवाजही रेकॉर्ड होतो का?
३. गाडी उभी करून केबिनमध्ये झोपल्यावर कॅमेरा बंद होतो का?
४. क्लिप कोण बघतं आणि किती दिवस ठेवतं?

लक्षात ठेवा, चूक दुसऱ्याची असेल तेव्हा हीच क्लिप ड्रायव्हरच्या बाजूने साक्ष देते. ती हवी तेव्हा त्यालाही मिळेल का, हे आधीच विचारून घेतलेलं बरं.