हजेरीपटावर नसलेली कामकरीण

मधमाशीचा इतिहास सांगावयाचा म्हणजे बहुधा मधाचा इतिहास सांगितला जातो. आम्ही तो तसा सांगणार नाही. कामगार चळवळीत आयुष्य गेल्यामुळे कोणताही धंदा पाहिला, की त्यात काम कोण करतो आणि त्याची नोंद कोठे होते, हाच प्रश्न आम्हांला प्रथम सुचतो. मधमाशीविषयी तो विचारला तर उत्तर मोठे विलक्षण येते. तिचे जे किरकोळ काम, ते किलोने मोजले जाते. आणि जे मोठे काम, ते कोणत्याच हजेरीपटावर नाही.

हे मोठे काम म्हणजे परागीभवन. परसातला काकडीचा किंवा कारल्याचा वेल पाहावा. त्यावर नराचे फूल वेगळे, मादीचे वेगळे. एकाचे पराग दुसऱ्यापर्यंत कोणी नेऊन पोचविले तरच फळ धरते. नाही तर फुलामागची इवली काकडी पिवळी पडून गळते. फुलांचा आणि कीटकांचा हा व्यवहार श्प्रेंगेल नावाच्या एका जर्मन शिक्षकाने १७९३ साली ग्रंथ लिहून मांडला. त्याच्या हयातीत त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. पुढे डार्विनने त्याचे महत्त्व ओळखले.

परंतु माशीच्या श्रमाची खरी किंमत कळली, ती तिचे काम माणसावर पडले तेव्हा. व्हॅनिलाचा वेल मूळचा मेक्सिकोकडचा. फ्रेंचांनी तो हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर नेला. तेथे फुले येत, पण शेंग धरेना, कारण मेक्सिकोच्या रानातल्या माश्या काही वेलाबरोबर गेल्या नव्हत्या. १८४१ साली एदमों नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने एक बारीक काडी आणि अंगठा यांच्या साहाय्याने फुलातला पडदा उचलून परागीभवन साधले. त्या युक्तीवर बेटाचा व्हॅनिलाचा व्यापार उभा राहिला. १८४८ साली एदमों गुलामगिरीतून मुक्त झाला, आणि १८८० साली दारिद्र्यात मेला. आजही व्हॅनिलाच्या मळ्यांत फुलामागून फूल माणसाच्या हातानेच फळवावे लागते.

चीनच्या सिच्वान प्रांतातील माओशियन येथे विसाव्या शतकाच्या अखेरीस सफरचंदाच्या बागांत हेच घडले. फवारणीमुळे कीटक घटले आणि योग्य परागाची झाडेही थोडी होती. म्हणून माणसे कुंचले घेऊन झाडांवर चढली. पुढे मजुरी वाढली, हिशेब जुळेना, आणि अनेकांनी सफरचंद सोडून दुसरी फळे व भाजीपाला धरला. माणसाला रोज द्यावा लागताच बाग परवडेनाशी झाली. माशी तेच काम बिनपगारी करीत होती.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. महाबळेश्वराच्या डोंगरात सातेरी माशी पेटीत पाळण्याचा उद्योग स्वातंत्र्याच्या आगेमागे सुरू झाला. जांभळाचा आणि कारवीचा मध तेथून घरोघर पोचला. १९६२ साली खादी आयोगाने पुण्यास मधमाशी संशोधनाची व प्रशिक्षणाची केंद्रीय संस्था काढली. २०२२ साली महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे देशातले पहिले ‘मधाचे गाव’ ठरले. ही कामगिरी थोर आहे यात शंका नाही. तरीही गावाचे नाव मधाचेच ठेवले गेले, हे ध्यानात घ्यावे.

दरम्यान १९९१-९२ च्या सुमारास अळ्या मारणारा एक विषाणुरोग केरळ, कर्नाटक व तामिळनाडूत शिरला आणि त्याने पेटीतल्या सातेरीच्या बहुतेक वसाहती संपविल्या. त्या नुकसानीचा बोभाटा झाला, कारण पेट्या मोजलेल्या होत्या. उलट कड्यावरची आग्या, झुडपातली फुलोरी, नांगी नसलेली बारीक माशी आणि एकटे राहणारे भुंगे यांची शिरगणती होत नाही. जगात पाळीव माश्यांच्या वसाहती गेल्या साठ वर्षांत एकंदरीत वाढल्याच आहेत. घसरगुंडी लागली आहे ती बहुतांशी रानच्या, बिननोंदीच्या कीटकांची. जंगलतोड, फुलोऱ्यातली विषारी फवारणी, रोगराई आणि बदलते हवामान ही त्याची कारणे होत.

येथे अतिशयोक्तीही नको. माश्या गेल्या तर माणूस उपाशी मरेल, हे खरे नव्हे. आपला भात माशीवाचून पिकतो. पण जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे तीनचतुर्थांश पिके थोडीबहुत परागीभवन करणाऱ्या प्राण्यांवर अवलंबून आहेत. तेव्हा ताटातला भात राहील. भाजी, फळ आणि तेल महागेल. महागाईची पहिली झळ कोणाला लागते, हे बोईसरच्या चाळीत राहणाऱ्यांना सांगावयास नको.

नवापूर ते बोईसर स्टेशन या पट्ट्यात तारापूरची औद्योगिक वसाहत आहे, आणि दोन्ही अंगांना वाड्या आहेत. येथे करता येण्याजोगे काम साधे आहे. वेल फुलावर असताना फवारू नये. फवारणे भागच पडले तर सूर्यास्तानंतर, माशी पोळ्यात परतल्यावर फवारावे. आग्याचे पोळे जाळू नये. ढोली असलेले जुने झाड निरुपयोगी म्हणून तोडू नये, कारण सातेरीची ती चाळच आहे. आणि ग्रामपंचायतीने झाडांची नोंद करताना पोळ्यांचीही करावी. ज्याची नोंद नाही त्याची कपात प्रथम होते, हे आम्ही कारखान्याच्या दारात तीस वर्षे पाहिले आहे.