नाटकाच्या पडद्यापासून सिनेमाच्या फलकापर्यंत

रस्त्यावरच्या चित्रकाराला महाराष्ट्रात पोटापाण्याचा आधार आधी नाटकाने दिला आणि मग सिनेमाने; हे स्थित्यंतर कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांच्या कारकिर्दीत जितके ठळकपणे दिसते, तितके क्वचितच अन्यत्र दिसते. १९१० नंतरच्या काही वर्षांत ते आणि त्यांचे नातलग आनंदराव हे संगीत नाटक मंडळ्यांचे व पारशी-गुजराती कंपन्यांचे पडदे रंगवत. राजवाडा, अरण्य, रस्ता अशी स्थळे दाखवणारे हे भव्य कापडी देखावे दिव्यांच्या उजेडात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावे लागत, म्हणून बारकाव्यापेक्षा छायाप्रकाशाचा ठसठशीतपणा आणि दुरून साधणारी खोली यांना तेथे महत्त्व होते.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) आल्यावर दोघांनाही चित्रपटाचा ध्यास लागला. आनंदराव १९१६ मध्ये निवर्तले, तरी बाबूरावांनी कॅमेरा सिद्ध केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारून १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्यानंतरही त्यांच्या हातातला कुंचला सुटला नाही. पात्रांची वेशभूषा आणि प्रसंगांची मांडणी ते आधी रेखाटून ठेवत, आणि आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगवत. 'कल्याण खजिना' (१९२४) या मूकपटाचे भित्तिपत्रक आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांत गणले जाते. अशी पत्रके शिळाछापावर निघत, म्हणजे दगडावर स्निग्ध शाईने चित्र काढून त्याचे ठसे उमटवले जात. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे, आणि एक ठसा जरा सरकला तरी नायिकेच्या ओठांचा रंग हनुवटीवर उतरे.

चित्रपटाच्या इतिहासात या कामाची नोंद बहुधा जाहिरातीच्या सदरात, ओळभर होते, आणि तो अन्यायच आहे. बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेल्या दामले, फत्तेलाल आणि व्ही. शांताराम यांनी अन्य भागीदारांसह १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी काढली, आणि त्यांपैकी फत्तेलाल हेही मूळचे चित्रकारच होते. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांनी १९३०च्या दशकात मुंबईत चित्रपटांचे फलक चौरस फुटाच्या मजुरीवर रंगवले. कोल्हापूरचे जी. कांबळे हेही चित्रपटांची भित्तिपत्रके आणि फलक रंगवत. त्यांनीच काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र पुढे महाराष्ट्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारले.