खुडूक कोंबडी आणि बल्ब

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही म्हण आपल्याला पाठ असते. पण झाकतात कशाखाली? डालग्याखाली! गेवराई तालुक्यातलं तलवाडा काही काश्मीर नव्हे. तरी मराठवाड्यात थंडीच्या लाटेत पारा १० अंशांखाली जातो. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला तर पहिला आठवडा साधारण ३५ अंशांची ऊब लागते.

मग वीज नव्हती तेव्हा? खुडूक कोंबडी होती ना. २१ दिवस अंडी उबवायची, मग पिल्लं पंखाखाली घ्यायची. तिचं अंग ४१ अंशांच्या आसपास. आणि थर्मोस्टॅट? गार वाटलं की पिल्लू आत, उकडलं की बाहेर.

अडचण एकच. खुडूक कोंबडी अंडी देत नाही. म्हणून जास्त अंड्यांसाठी निवड करता करता लेगहॉर्नसारख्या जातींतून खुडूकपणाच जवळजवळ गेला. पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजची सुरुवात १९७१ची. त्यानंतर आपल्याकडेही हा धंदा फोफावला. आईच्या जागी बल्ब आला.

अंडी मुबलक झाली, हे चांगलंच. पण थंडीच्या रात्री लाईट गेली की शेडमधली पिल्लं उबेसाठी एकमेकांवर चढतात, खालची गुदमरतात. मालकाला शेगडी घेऊन धावावं लागतं. डालग्याखालच्यांना मात्र लाईट गेल्याचा पत्ताही नसतो!