सरळ रेषेवरचा भरवसा
अमेरिकेत पॉलिइथिलीनच्या गॅसवाहिन्यांची ताकद ठरवताना १०,००० तासांच्या चाचण्यांतली रेषा तशीच सरळ १,००,००० तासांपर्यंत वाढवली जाई. चूक गणितात नव्हती, गृहीतकात होती. जास्त ताणाखाली नळी फुगून फाटते. कमी ताणाखाली मात्र बारीक तडा वर्षानुवर्षे सरकत राहतो आणि ती रेषा एकाएकी खाली वळते. १९९४ साली आयोवातल्या वॉटर्लूत अशीच नळी तडकली, स्फोटात सहा माणसे गेली. इतकी वर्षे थांबून कोण पाहणार, असा आक्षेप येईल. पण थांबायची गरजच नव्हती. ८० अंश सेल्सिअसला तोच तडा कितीतरी लवकर दिसतो, आणि जर्मनीत १९५०च्या दशकापासून नळ्या तापवून तपासल्या जात होत्या. १९६०च्या दशकापासूनच्या बऱ्याच अमेरिकी नळ्यांची ताकद जास्त धरली गेली असावी, हे तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९८ साली नोंदवले.